पत्र्याखालची चार बोटं

सकाळी साडेनऊच्या सुमारास पत्रा बोलायला लागतो. टक. थोड्या वेळाने परत टक. ऊन चढतं तसा तो ताणतो आणि स्क्रूपाशी आवाज करतो. संध्याकाळी आकसताना परत तेच. ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांना हा आवाज माहीत नसतो. मला त्याच्यावरून वेळ कळते.

माझं काम पत्र्याचं. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. त्यानंतर पत्रे टाकणं, पन्हळी लावणं, गळती काढणं. गेली वीसेक वर्षं पत्र्याखाली ऊन अडवायचं काम जास्त येतं. पूर्वी पोटमाळ्यावर पापडाचे डबे आणि मोडकी सायकल असायची. त्यांना उकडत नव्हतं. आता पुण्यात जागा अशी झाली आहे की पोटमाळ्यावर माणसं राहतात, आणि एप्रिल लागला की माझ्याकडे येतात. "मिस्त्री, वर बसवत नाही. काहीतरी करा, पण स्वस्तात."

स्वस्तात होतं. लोकांना ते कळत नाही, म्हणून सांगतो. एका साहेबांनी पोटमाळ्यावर एसी लावला आणि पत्रा तसाच उघडा ठेवला. एसी दिवसभर धापा टाकायचा. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही वरचं आभाळ गार करताय." त्यांना राग आला. दुसऱ्या एका काकूंनी पत्र्याखाली जुन्या गोधड्या ठोकल्या. डोकं बरोबर चाललं होतं त्यांचं, फक्त उंदरांनाही ते पटलं. सगळ्यात स्वस्त काम म्हणजे पत्र्यावर पांढरा हात मारणं. चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात दिले की निम्मं ऊन वरच्या वर परत जातं. मग राहिलेल्यासाठी खालून अस्तर लावायचं. थर्माकोल असेल तर त्याच्याखाली सिमेंटचा बोर्ड पाहिजे, कारण थर्माकोल पेटतो. वायरीपासून तो लांब ठेवायचा. काचेचा कापूस, म्हणजे ग्लासवूल, जास्त चांगला, पण तो दाबून ठासायचा नाही. दाबून सपाट झालेल्या गोधडीत ऊब राहत नाही, तसंच ते.

नवा कापूस महाग पडतो. पण खराडीच्या कंपन्या दर तीन-चार वर्षांनी ऑफिस पाडून नवं करतात, आणि वरच्या छतातला चांगला कापूस, चंदेरी कागदासकट, वाघोलीच्या भंगारात येतो. मी वाघोलीतच राहतो. भंगारवाला मला आधी फोन करतो. पुण्यातल्या कितीतरी गरीब पोटमाळ्यांवर आयटीवाल्यांचं छत आहे ते माझ्यामुळे.

हे सगळं मला येत होतं. जे येत नव्हतं ते सांगायला हा लेख लिहितोय.

पत्रेवाल्याची अब्रू एकाच गोष्टीवर असते. पाणी आत येता कामा नये. मी टाकलेला पत्रा गळला असं आजपर्यंत कोणी म्हटलेलं नाही. त्यासाठी मी एकेक फट बुजवत आलो. जिथे पत्रा भिंतीवर टेकतो तिथे वळचणीला मूठ जाईल एवढी फट असते. मोभाला, म्हणजे दोन उतार जिथे वर मिळतात तिथे, पत्र्याच्या लाटांमुळे भोकं राहतात. मी सगळी सिमेंटने भरायचो. गिऱ्हाइकांनाही तेच हवं असायचं, कारण पुण्यात पारव्यांनी उच्छाद मांडला आहे. "मिस्त्री, एक पारवा आत येता कामा नये." "पारवा काय, मुंगी येणार नाही," मी म्हणायचो. ऊन अडवायचं काम सुरू केलं तेव्हाही मी तसंच केलं. पत्र्याला चिकटवून अस्तर, आणि चहूबाजूंनी बंद.

बुधवार पेठेत शेखभाई म्हणून पुस्तकबांधणी करतात. वय माझ्याएवढंच. खाली चिंचोळं दुकान, त्यात कागद कापायचं मशीन, आणि वर पत्र्याचा पोटमाळा. शिवण आणि खळ लावायचं काम ते वर बसून करायचे. आठ वर्षांपूर्वी मी त्यांचा पोटमाळा केला. महिन्याभरात ते माझ्याकडे आले.

"मिस्त्री, दुपारी बरं वाटतं, पण चारनंतर वर थांबवत नाही. आधी नव्हतं असं."

"उन्हाळा आहे शेखभाई. उकडणारच."

पंधरा दिवसांनी परत आले. मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्यासमोर दुसरं एक गिऱ्हाईक बसलं होतं. शेखभाई म्हणाले, "एकदा येऊन बघा तरी." मी म्हणालो, "माझ्या कामात चूक काढायची तर आधी पत्रा शिका." त्यांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेले. नंतर कळलं की त्यांनी शिवणाचं काम खाली आणलं. त्या चिंचोळ्या दुकानात मशीनशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसतात. गणपतीच्या गर्दीत त्या रस्त्याने जावं लागायचं, तेव्हा मी पलीकडच्या बाजूने जायचो.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये गायकवाड सिस्टर आल्या.

त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. येरवड्याच्या वस्तीत त्यांचं घर. खाली त्या राहतात, आणि वरच्या पोटमाळ्यावर त्यांनी मुलींची अभ्यासिका काढली आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या नऊ मुली. सगळ्यांची घरं एका खोलीची. वस्तीतले सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो.

"मेच्या शेवटी परीक्षा आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी एप्रिलमध्ये निम्म्या मुली गेल्या. एकदा घरी बसली की मुलगी परत येत नाही. तिला कामाला लावतात, नाहीतर स्थळं बघतात. मला एवढा उन्हाळा काढून द्या."

"काढून देतो," मी म्हणालो. "माझ्या कामात फट नसते."

मी काम केलं. खराडीचा कापूस आणला, पत्र्याला भिडवून बसवला, खालून बोर्ड ठोकले. वळचण सिमेंटने भरली. दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतीत जाळीचे झरोके होते, पारव्यांची घाण पडायची तिथून, तेही बुजवले. चार दिवसांत छत लाह्यांसारखं पांढरं आणि सपाट. सिस्टर वर आल्या, मान वर करून बघितलं.

"हे छत कुठलं म्हणालात?"

"खराडीच्या एका कंपनीचं."

"म्हणजे पोरी परीक्षेआधीच आयटीत बसल्या."

मुली हसल्या. मी खुशीत घरी गेलो.

पंधरा दिवसांनी सिस्टरांचा फोन. "मिस्त्री, येऊन जा. पेशंटचा ताप उतरत नाही."

मला वाटलं त्यांच्या घरी कोणीतरी आजारी आहे. गेलो तर त्या मला थेट वर घेऊन गेल्या. भिंतीला खिळ्यावर तापमापक टांगलेला, आणि त्याच्या शेजारी दोरीने बांधलेली पाटी. पाटीवर दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी असतो तसला तक्ता. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, संध्याकाळी सात. निळ्या पेनाची रेघ वर जाणारी.

"बाराला छत्तीस," सिस्टर बोट ठेवत म्हणाल्या. "पूर्वीपेक्षा बरंच कमी. तिथे तुमचे आभार. चारला चाळीस. आणि सातला, बाहेर वारा सुटलेला असतो तेव्हाही, चाळीसच. रोज. हा पेशंट खाली येत नाही."

"कागदाचं काय सांगता सिस्टर. मी पन्नास वर्षं पत्र्याखाली काढली. हात लावला की मला कळतं."

"हात लावला की ताप आहे एवढं कळतं, मिस्त्री. किती आहे ते कळत नाही. म्हणून तर थर्मामीटर काढला कोणीतरी."

मला राग आला. मी म्हणालो, थर्मामीटर खराब असेल. त्या खाली गेल्या आणि दुसरा घेऊन आल्या. तोही तेच सांगायला लागला. मी म्हणालो, मुली जास्त झाल्या खोलीत, माणसांचीही गरमी असते. तेव्हा सिस्टरांनी खोलीकडे हात केला. नऊपैकी चारच मुली होत्या.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दीक्षा नावाच्या मुलीचे वडील. हातगाडीवर फळं विकतात. त्यांनी दारातूनच आत मान घातली, कपाळ पुसलं.

"इथं बसतीस तू दिवसभर?"

"हो पप्पा."

"चक्कर येऊन पडलीस म्हणतात परवा. त्यापेक्षा घरी बस की. या वर्षी झालं नाही तर नाही, तुला म्हटलंच होतं मी, हे शेवटचं." मग माझ्याकडे बघून, "तुम्हीच का ते छतवाले?"

"हो."

"छत झकास झालंय," ते म्हणाले. हसले नाहीत.

दीक्षाने पुस्तकातून मान वर केली नाही, पण तिचं पान उलटायचं थांबलं होतं. सिस्टर तिच्या वडिलांना म्हणाल्या, "मला आठ दिवस द्या. आठ दिवसांत खोली बसण्यासारखी झाली नाही तर मी स्वतः तिला घरी आणून सोडते." ते बरं म्हणाले आणि गेले. सिस्टर माझ्याकडे वळल्या. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांकडे बघत असतील तशा बघत राहिल्या.

मी म्हणालो, "उद्या सकाळपासून मी इथे बसतो. बघतोच."

दुसऱ्या दिवशी मी आठला जाऊन भिंतीला टेकून बसलो. हट्ट असा होता की तक्ता खोटा ठरवायचा. सिस्टर वेळ झाली की यायच्या, आकडा लिहायच्या, जायच्या. साडेनऊला पत्रा टक वाजला. बारापर्यंत मी अगदी मजेत. मी दीक्षाला म्हणालो सुद्धा, "बघ, गार आहे की नाही?" ती म्हणाली, "आजोबा, चार वाजू द्या."

तीननंतर खोली अंगावर यायला लागली. ऊन नाही, झळ नाही, नुसती कोंडलेली गरमी. पंखा तीच हवा फिरवत होता. साडेपाचला मी जिना उतरून खाली गेलो तर गल्लीत छान वारा. परत वर आलो तर जणू बंद डब्यात शिरलो. सात वाजता सिस्टर आल्या, लिहिलं, गेल्या. चाळीस. आणि पत्रा आकसताना वाजत होता. म्हणजे पत्रा गार व्हायला लागला होता आणि खोली नव्हती.

तेव्हा मला ते दिसलं. पन्नास वर्षं दिसलं नव्हतं. मी ऊन बाहेर ठेवलं होतं खरं, पण जे हळूहळू आत आलं, जे मुलींच्या अंगाचं होतं, पंख्याचं होतं, त्याला जायला वाट ठेवली नव्हती. मी पकड घेऊन मोभाजवळचा एक बोर्ड काढला आणि कापूस बाजूला केला. तोंडावर वाफ आली, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी. वर जाऊन बसलेली सगळी गरमी तिथे अडकून पडली होती. गरम हवा वर जाते हे बायका चुलीपाशी रोज बघतात. मला आधी माझ्या फटी बुजवायच्या होत्या.

सिस्टर जिन्यात उभ्या होत्या. मी म्हणालो, "तक्ता बरोबर आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"माझं चुकलं."

"तेही माहीत आहे. औषध सांगा."

मी माझं स्वतःचं काम आयुष्यात पहिल्यांदा तोडलं. छिन्नीने वळचणीतलं सिमेंट काढलं. ते इतकं पक्कं बसलं होतं की एका बाजूला दोन दिवस गेले. स्वतःलाच शिव्या घालत होतो आणि काम किती चांगलं झालं होतं याचा अभिमानही वाटत होता. मग सगळा कापूस उतरवला आणि पत्र्यापासून चार बोटं खाली, पट्ट्या मारून, परत बसवला. चंदेरी बाजू वर, पत्र्याकडे. मोभाचा पत्रा थोडा उचलून त्यावर रुंद टोपी बसवली, म्हणजे पाऊस आत येणार नाही पण हवा बाहेर जाईल. आता वळचणीतून वारा आत शिरतो, पत्र्याखालच्या त्या चार बोटांतून वर सरकतो आणि मोभातून गरमी घेऊन निघून जातो. भिंतीतले दोन्ही झरोके उघडले, खोलीतली गरमी तिथून जाते. सगळ्या फटींना बारीक जाळी, पारव्यांसाठी. शेवटी पत्र्यावर चुन्याचे दोन हात, जे मी पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते आणि घाईत सोडले होते. या दुसऱ्या कामाचं मी काही घेतलं नाही. सिस्टरांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, हे त्यांचं मला आवडलं.

सातव्या दिवशी काम संपलं. आठव्या दिवशी मी परत भिंतीला टेकून बसलो. चार वाजता सदतीस. खोली थंड झाली असं मी म्हणणार नाही. पत्र्याखाली थंडावा देतो म्हणणारा मिस्त्री खोटं बोलतो. पण बसण्यासारखी झाली. साडेपाचला झरोक्यातून वारा आला आणि दीक्षाच्या वहीची पानं उडाली. तिने त्यावर कंपासपेटी ठेवली. सात वाजता चौतीस.

दीक्षाचे वडील त्याच वेळी आले. दारात उभे राहिले, मान आत घातली, थोडा वेळ तसेच थांबले. कपाळाला हात नेला पण पुसायला काही नव्हतं.

"नऊ वाजेपर्यंत घरी ये," ते मुलीला म्हणाले, आणि जाताना जिन्यात एक कलिंगड ठेवून गेले.

सिस्टरांनी तक्त्याच्या तळाशी लाल पेनाने लिहिलं, 'डिस्चार्ज'. मला म्हणाल्या, सही करा. मी केली. माझी सही मोठी येते, शेवटच्या दोन रकान्यांतून गेली. मग त्यांनी तक्ता उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"हा आजार तुम्ही आणखी कुणाकुणाला दिलात?"

"म्हणजे?"

"अशा फटी बुजवलेली घरं किती आहेत? साथ असली की आम्ही हे विचारायचो. सांगा, मी लिहिते."

मी हिशेबाची वही कधी ठेवली नाही, पण माझं प्रत्येक छत मला आठवतं. झरोक्यांसकट अगदी बंद डबा केलेल्यांची अकरा नावं निघाली. दहा सांगून मी थांबलो. सिस्टर पेन धरून थांबल्या.

"अजून एक आहे," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यावर दिसतंय."

"शेखभाई. पुस्तकबांधणीवाले, बुधवार पेठ."

त्यांनी लिहिलं.

मे महिनाभर मी छिन्नी आणि जाळी घेऊन हिंडलो. एक घर पाडून तिथे इमारत उभी राहिली होती. एका गिऱ्हाइकाने मला ओळखलंच नाही, म्हणाला आम्हाला काही नको. एक बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी आठवण झाली?" मी म्हणालो हो. त्यांनी चहा दिला, पण कपात कमी होता. शेखभाईंकडे मी जात नव्हतो. रोज उद्या म्हणायचो.

परीक्षा झाली. नऊपैकी सात मुली बसल्या. अभ्यासिकेतली पुस्तकं, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, सगळ्याची पानं सुटली होती. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या मुलींसाठी बांधून आणली पाहिजेत. मी म्हणालो, "द्या, मी नेतो. माझ्या ओळखीचे आहेत." त्या हसल्या नाहीत, पण पिशवी त्यांनी आधीच भरून ठेवली होती.

शेखभाई तिथेच होते. मशीनशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, सुई-दोरा हातात. मी पिशवी समोर ठेवली.

"बांधायची आहेत. मुलींच्या अभ्यासिकेची."

त्यांनी एकेक पुस्तक काढून बघितलं. कणा, शिवण, सुटलेली पानं. घाई केली नाही. मग पिशवीच्या तळाशी हात घालून मी तिथे दडवलेली माझी छिन्नी बाहेर काढली आणि पुस्तकांशेजारी नीट ठेवली.

"ही पण बांधायची?"

मी म्हणालो, "शेखभाई, चारनंतर तुमच्या पोटमाळ्यावर बसवत नाही."

"आठ वर्षं झाली मी हे सांगून."

"हो."

"आज कुणी सांगितलं?"

"एका नर्सने."

"म्हणजे आजारीच होतो तर आम्ही." त्यांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचून ठेवली. "पत्रा शिकायला मला जमलं नाही, मिस्त्री. शिडी मागच्या बाजूला आहे. पाय जपून, वर रद्दी भरली आहे."

त्या रद्दीतून वाट काढत मी तीन दिवस काम केलं. वळचण फोडली, मोभ उचलला, चार बोटं जागा केली, चुना मारला. ते खाली शिवत होते, मी वर फोडत होतो. तिसऱ्या दिवशी निघताना ते म्हणाले, "पुस्तकं आठ दिवसांनी न्या."

आठ दिवसांनी मी संध्याकाळी पाचला गेलो. यावेळी रस्त्याच्या त्यांच्याच बाजूने गेलो. दुकान उघडं होतं, पण मशीनशेजारी कोणी नव्हतं. बैठकीची गादीही नव्हती. मला वाटलं नमाजाला गेले असतील, म्हणून मी पायरीवर उभा राहिलो.

तेवढ्यात वरून, पोटमाळ्यावरून आवाज आला.

"खाली काय करताय मिस्त्री? वर या."